वरचा दर्जा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम समोरासमोर आल्या, की तिथल्या प्रत्येक माणसाला फुटबॉलचे नियम तोंडपाठ असतात. फक्त एकाला ते येत नाहीत, यावरही सगळ्यांचं एकमत असतं. तो एकजण मैदानाच्या मधोमध शिट्टी घेऊन पळत असतो. आठवडाभर तो शाळेत खेळाचे तास घेतो, बँकेच्या काउंटरवर बसतो किंवा दुकान सांभाळतो. सामन्याच्या मानधनातून बूट आणि पेट्रोल निघालं तरी त्याला पुष्कळ वाटतं. जगातले बहुतेक फुटबॉल सामने अशीच हौशी माणसं चालवतात. त्यांच्यातल्या काहींना एक दिवस वाटू लागतं, की जिल्ह्याच्या लीगवर आपलं भागत नाही. राज्याचा बॅज हवा, जमलं तर राष्ट्रीय. हे प्रकरण त्या काहींसाठी आहे, आणि त्यांना शिव्या देणाऱ्या बाकीच्यांसाठीही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही चढण अभ्यासाची वाटते. नियमांचं पुस्तक जाडजूड, म्हणजे वरच्या परीक्षेत आणखी बारीक नियम विचारत असणार. तसं ते विचारतातही. पण नियम येणारे पंच पुष्कळ असतात आणि वर जाणारे थोडे. खालच्या पायरीवर पंचाला विचारतात, ‘तुला नियम माहीत आहे का?’ वरच्या पायरीवर विचारतात, ‘ते घडलं तेव्हा तू कुठे उभा होतास?’ लेखी परीक्षा, धावण्याची चाचणी आणि सामन्यातलं निरीक्षण या तिन्ही गोष्टी शेवटी या दुसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबतात.

आधी जिना कसा आहे ते पाहू. भारतात तो जिल्हा संघटनेपासून सुरू होतो. तिच्यावर राज्य संघटना: महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, जिला सगळे ‘विफा’ म्हणतात, आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशन. त्यावर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि सगळ्यात वर फिफा. महासंघाच्या वर्गवारीत आकडा जितका लहान तितका पंच मोठा. कॅटेगरी १ म्हणजे राष्ट्रीय पंच. इंग्लंडमध्येही मोजणी अशीच उलटी आहे. तिथे पोरवयातच शिट्टी हातात येते आणि एकेक लेव्हल खाली आणत माणूस वर जातो. अमेरिकेतही अलीकडेपर्यंत नवखा पंच ग्रेड ८ चा असे. आता तिथे आकडे काढून ग्रासरूट्स, रीजनल, नॅशनल अशी नावं दिली आहेत. नावं बदलली तरी मागण्या त्याच राहिल्या: ठरावीक अनुभव, लेखी परीक्षा, फिटनेस टेस्ट आणि प्रत्यक्ष सामन्यात तुमच्याकडे वही घेऊन पाहणारा माणूस.

वयाचं गणित मात्र आधीच मांडून ठेवलेलं बरं. फिफाच्या यादीत जायला मुख्य पंचाचं वय किमान २५ आणि साहाय्यक पंचाचं किमान २३ लागतं. ही यादी दर वर्षी नव्याने होते. राष्ट्रीय संघटना नावं पाठवते आणि बॅजवर त्या वर्षाचा आकडा असतो. एकदा मिळाला म्हणजे जन्मभराचा झाला, असं हे मानपत्र नाही. मधल्या प्रत्येक पायरीला एक-दोन हंगाम सहज जातात. तेव्हा विशीच्या आत सुरुवात करणाऱ्याला घाई करावी लागत नाही. तिशीत पहिल्यांदा शिट्टी हातात घेणाऱ्याने फिफाचा हिशेब सोडून द्यावा आणि राज्याच्या दर्जावर नजर ठेवावी. त्यात कमीपणा काहीच नाही. शिवाय चाळिशीतल्या चांगल्या पंचांमधूनच पुढे चांगले निरीक्षक तयार होतात, आणि त्यांचा तुटवडा पंचांहून मोठा आहे.

लेखी परीक्षेत माणसं कुठे घसरतात, हे पाहण्यासारखं आहे. फुटबॉलचे नियम १७. ते ठरवणारी संस्था म्हणजे १८८६ मध्ये स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड. त्यात आजही इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक मत आणि उरलेल्या सगळ्या जगाच्या वतीने फिफाची चार. ब्रिटिश साम्राज्य गेलं, पण ही व्यवस्था काही गेली नाही. नियमांची नवी आवृत्ती १ जुलैपासून लागू होते. त्यामुळे अनुभवी पंचाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याची स्वतःची स्मरणशक्ती. पंधरा वर्षांपूर्वी पाठ केलेलं त्याला अजून बिनचूक आठवतं, आणि ते आता चूक असतं.

उदाहरण घ्या. गोलकीपरने चेंडू हातात किती वेळ धरायचा? कुणालाही विचारा, ‘सहा सेकंद’ म्हणेल, आणि ‘जास्त धरला तर इनडायरेक्ट फ्री किक’ हेही सांगेल. २०२५-२६ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा आठ सेकंदांची झाली, आणि ती ओलांडली तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायचे असतात. जुना नियम इतका कडक होता, की तो कुणी लावतच नसे. गोलजवळ फ्री किक देऊन कोण भांडण ओढवून घेणार? शिक्षा हलकी केल्यावर पंचाला ती देण्याचं धाडस व्हावं, असा यामागचा विचार. मला हा बदल अलीकडच्या सगळ्या बदलांत शहाणपणाचा वाटतो.

दुसरं उदाहरण आपल्या मैदानांवरचं. आक्रमण चालू असताना कुत्रं मैदानात आलं आणि चेंडू त्याला लागून थांबला. खेळ थांबवायचा आणि ड्रॉप बॉलने सुरू करायचा. आता कुत्र्याच्या जागी बचाव करणाऱ्या संघाचा राखीव खेळाडू ठेवा. तो रेषेबाहेर वॉर्म-अप करत होता, मोह आवरला नाही, आत येऊन त्याने चेंडू अडवला. आता डायरेक्ट फ्री किक, पेनल्टी बॉक्समध्ये घडलं तर पेनल्टी, आणि शिवाय कार्ड. २०१६ मध्ये नियमांची मोठी फेरमांडणी होण्यापूर्वी या राखीव खेळाडूसाठी इनडायरेक्ट फ्री किक होती. जुन्या पुस्तकावर तयारी केलेला माणूस इथे ठामपणे चुकीचं उत्तर लिहितो.

अशा प्रश्नांत परीक्षकाला तीन गोष्टी हव्या असतात: खेळ थांबवायचा का, कुणाला काय शिक्षा द्यायची, आणि खेळ कुठून व कसा सुरू करायचा. बहुतेक उमेदवार दुसऱ्या गोष्टीवर, म्हणजे कार्डावर, पानभर लिहितात आणि तिसरी विसरतात. मैदानावरही तेच होतं. कार्ड दाखवून झाल्यावर चेंडू नेमका कुठे ठेवायचा हे न आठवणारा पंच इकडेतिकडे पाहू लागला, की प्रेक्षकांना त्याच्या मनातलं सगळं कळतं. थ्रो-इन थेट स्वतःच्याच गोलमध्ये गेला तर काय? गोल नाही, कॉर्नर. प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये थेट गेला तर? गोल किक. पंचाच्या अंगाला लागून चेंडू गोलमध्ये गेला तर? २०१९ पासून ड्रॉप बॉल. त्यापूर्वी तो चक्क गोल होता. या गोष्टी दहा वर्षांत एकदा घडतात, आणि ज्या दिवशी घडतात त्या दिवशी निरीक्षक हमखास हजर असतो.

फाऊलच्या बाबतीत वरच्या दर्जाची परीक्षा मोजमाप मागते. निष्काळजी टॅकल असेल तर नुसता फाऊल. समोरच्याच्या जिवाची पर्वा न करता केलेला असेल तर पिवळं कार्ड. गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याला इजेच्या तोंडी दिलं असेल तर लाल. स्पष्ट गोलची संधी हिरावली का, हे ठरवताना चार गोष्टी पाहायच्या: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता, आणि बचाव करणारे किती व कुठे आहेत. ही यादी दोन मिनिटांत पाठ होते. पण मैदानावर चौथी गोष्ट पाहण्यासाठी पंचाची नजर फाऊलच्या आधीच आजूबाजूला फिरलेली असावी लागते. शिट्टी वाजवल्यावर बचाव करणारे मोजायला गेलात तर ते तोवर धावत चार पावलं पुढे आलेले असतात. म्हणजे लेखी परीक्षेतला हा प्रश्न वहीत लिहिला, तरी मुळात तो जागेचाच आहे.

आता धावणं. पूर्वी पंचांसाठी कूपर चाचणी असे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये मांडलेली ती चाचणी म्हणजे १२ मिनिटांत जितकं धावता येईल तितकं धावा. ती पार पाडणारा माणूस उत्तम लांब पल्ल्याचा धावपटू असे, पण सामना तसा पळत नाही. पंच चालतो, उलट्या पावलांनी सरकतो, अचानक चाळीस मीटर सुसाट पळतो आणि पुन्हा चालतो. वरच्या पातळीवर तो एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर कापतो, आणि त्यातला निर्णायक भाग तुकड्यातुकड्यांचा असतो. म्हणून फिफाने चाचणीही तुकड्यांची केली.

फिफाच्या पुरुष मुख्य पंचाची चाचणी दोन भागांची आहे. पहिल्या भागात ४० मीटरच्या सहा धावा, प्रत्येक ६ सेकंदांच्या आत, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. दुसऱ्या भागात ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, मग २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. बेरीज करा: चार किलोमीटर, २२ मिनिटं. शिट्टी वाजण्याआधी पाय पुढच्या पट्ट्यात पडला नाही तर एकदा ताकीद, दुसऱ्यांदा बाहेर. महिलांसाठी वेळा वेगळ्या आहेत आणि खालच्या दर्जांना सवलत असते, पण चाचणीचा साचा बहुतेक ठिकाणी याच धाटणीचा आहे. आपल्या दर्जाच्या नेमक्या वेळा राज्य संघटनेकडून त्या हंगामातच विचारून घ्याव्यात. गेल्या वर्षी पास झालेल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नये.

७५ मीटर १५ सेकंदांत म्हणजे ताशी १८ किलोमीटर. एकदा धावायला हे अवघड नाही. विसाव्यांदाही जमतं. अठ्ठाविसाव्याच्या सुमाराला मात्र १८ सेकंदांचं चालणं फार लहान वाटू लागतं, आणि चाचणी खरी इथून सुरू होते. तयारी करणारे अनेकजण रोज सकाळी पाच किलोमीटर संथ धावतात आणि परीक्षेत इथेच अडकतात, कारण त्यांनी शरीराला न थांबता पळायला शिकवलेलं असतं, पुन्हा पुन्हा सावरायला नाही. तुकड्यांत धावण्याचा सराव आठवड्यातून दोनदा केला तरी तीन महिन्यांत फरक दिसतो. ४०० मीटरचा ट्रॅक प्रत्येक गावात नसतो. फुटबॉलचं मैदान असतं. ते साधारण १०० मीटर लांब असेल तर दोन्ही टोकांपासून पाऊण अंतरावर एकेक शंकू ठेवा, लांबच्या शंकूपर्यंत धावा, पुढचं चाला, वळा. चाळीस फेऱ्या झाल्या की चाचणी झाली. फोनवर शिट्ट्यांचं ध्वनिमुद्रण लावलं की घड्याळाकडे पाहावंही लागत नाही. स्प्रिंट मात्र थंड अंगाने कधी मारू नये. चाळिशीजवळच्या पंचांचे हॅमस्ट्रिंग आणि पोटऱ्या सामन्यापेक्षा परीक्षेच्या पहिल्या धावेत जास्त जातात.

हे सगळं कशासाठी? पंचाने खेळाडूंना हरवायचं नसतं. त्याला जिथून दिसतं तिथे वेळेवर पोचायचं असतं, आणि या प्रकरणाचा गाभा हाच आहे.

मैदानावर पंचाने कसं फिरावं, याची आजची पद्धत स्टॅनली राऊस यांनी रूढ केली. १९३४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्याचे ते पंच होते. पुढे १९६१ ते १९७४ ते फिफाचे अध्यक्ष झाले. त्यांची कल्पना साधी होती. पंचाने एका कोपऱ्याकडून समोरच्या तिरप्या कोपऱ्याकडे कर्ण धरून फिरावं, आणि दोन साहाय्यकांनी उरलेल्या दोन बाजू सांभाळाव्यात. म्हणजे चेंडू जवळजवळ नेहमीच पंच आणि एका साहाय्यकाच्या मधे राहतो आणि प्रत्येक झटापटीकडे दोन बाजूंनी डोळे असतात. नवखा पंच हा कर्ण रुळासारखा धरून पळतो. अनुभवी पंच तो सोडून देतो, पण कशासाठी सोडला हे त्याला सांगता येतं.

टॅकल मागून पाहिला तर चेंडू आणि पाय एकाच रेषेत येतात. आधी चेंडूला लागलं की घोट्याला, हे देवालाही कळणार नाही. बाजूने पाहिलं तर दोघांच्या मधली फट दिसते आणि फाऊल आपोआप उलगडतो. पंधरा-वीस मीटरवरून, बाजूने, मधे कुणी नसताना. या तीन अटी जुळवण्यासाठी पंच नव्वद मिनिटं पळत असतो. अंतर आणि कोन यांच्यात निवड करायची वेळ आली तर कोन निवडावा, असं माझं मत आहे. पाच मीटरवरून पाठ पाहण्यापेक्षा पंचवीस मीटरवरून फट पाहिलेली बरी. मात्र प्रेक्षक आणि खेळाडू यांना अंतर दिसतं, कोन दिसत नाही. लांबून दिलेला निर्णय बरोबर असला तरी पटत नाही. म्हणून वरच्या दर्जाच्या पंचाला दोन्ही साधावं लागतं.

कोन चुकला की मोठमोठ्यांचं काय होतं, याचा नमुना २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात आहे. इंग्लंडचे हॉवर्ड वेब पंच होते. मूळचे दक्षिण यॉर्कशायरमधले पोलीस, वडीलही पंच, आणि वर आले ते स्थानिक लीगमधूनच. २८ व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा बूट स्पेनच्या शाबी अलोन्सोच्या छातीवर बसला. वेब यांनी पिवळं कार्ड दिलं. ते लाल असायला हवं होतं, आणि आपल्याला ते नीट दिसलं नव्हतं, मधे खेळाडू होता, असं वेब यांनी नंतर स्वतःच सांगितलं. नियम त्यांना माहीत होता, ते थकलेलेही नव्हते. त्या क्षणी ते दोन पावलं चुकीच्या जागी होते, एवढंच. त्या सामन्यात त्यांनी १४ वेळा पिवळं कार्ड दाखवलं. अंतिम सामन्यातला तो विक्रम आहे.

साहाय्यक पंचाच्या बाबतीत हीच गोष्ट प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. २००० मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत नेदरलँड्सच्या राऊल औदेजान्स आणि सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. अनुभवी साहाय्यक पंच ऑफसाइडचे झेंडे चुकीचे का दाखवतात, हे त्यांनी तपासलं. त्यांना आढळलं, की हे पंच शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत उभे नसतात. सरासरी मीटरभर पुढे, गोलच्या बाजूला असतात. तिथून मागे वळून पाहिलं की मैदानाच्या पलीकडच्या अंगाला, बचावपटूच्या अगदी बरोबरीत असलेला आक्रमक पुढे गेल्यासारखा दिसतो. अलीकडच्या अंगाचा मात्र पुढे गेलेला असूनही रेषेत वाटतो. पंचाची नियत चोख आणि डोळेही चोख, तरी चित्रच तिरपं येतं. ऑफसाइडच्या चुकीवरून साहाय्यक पंचाच्या घराण्याचा उद्धार करणाऱ्यांनी हा मीटरभराचा हिशेब लक्षात ठेवावा. साहाय्यक म्हणून वर जाऊ पाहणाऱ्याने तर तो रोज घोकावा. त्याचा सराव आडव्या पावलांनी सरकण्याचाच असतो, खांदे मैदानाकडे ठेवून, बचावपटूने एक पाऊल टाकलं की आपणही एक.

सामना संपल्यावर निरीक्षकाशी जे बोलणं होतं, त्यात म्हणूनच नियमांची चर्चा फार थोडी असते. ते साधारण असं चालतं. ‘त्या दुसऱ्या गोलच्या आधी तुम्ही कुठे होता?’ ‘सर, मध्यरेषेच्या थोडं पुढे.’ ‘का?’ ‘कॉर्नर झाला होता, चेंडू बाहेर आला, त्यांनी एकदम पलटवार केला.’ ‘कॉर्नरच्या वेळी त्यांचे दोन खेळाडू वर राहिले होते, ते पाहिलं होतं?’ इथे उमेदवार गप्प होतो. दोन खेळाडू वर राहिलेले पाहणारा पंच पलटवार होणार हे आधीच धरून चालतो आणि पेनल्टी बॉक्सच्या कडेला एक पाऊल बाहेर उभा राहतो. ते एक पाऊल पुढे वीस मीटरचं होतं. चांगला निरीक्षक ‘पोझिशनिंग कमी पडलं’ असा शेरा मारून मोकळा होत नाही. तो मिनिट, जागा आणि कारण सांगतो.

वहीत आणखीही गोष्टी जातात. फायदा दिला का, आणि तो खरंच फायदा होता का. पहिल्या वीस मिनिटांत दोन खेळाडूंची खुन्नस ओळखली का. कार्ड काढण्याआधी शब्द वापरला का. २०२४-२५ पासून फक्त कर्णधारानेच पंचाशी बोलावं अशी मार्गदर्शक व्यवस्था स्पर्धांना उपलब्ध झाली आहे. तालमींच्या फुटबॉलमध्ये ती लागू करणं म्हणजे कठीणच, पण सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना बाजूला घेऊन सांगणारा पंच पुढची अर्धी डोकेदुखी वाचवतो. कार्डांवाचूनही सामने चालत होते, हे आज खरं वाटत नाही. ती इंग्लंडचे पंच केन अ‍ॅस्टन यांना रस्त्यावरचे सिग्नलचे दिवे पाहून सुचली आणि १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात पहिल्यांदा आली.

युरो २००० स्पर्धेचा अभ्यास करणाऱ्या बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, की पंच एका सामन्यात डोळ्यांना दिसतील असे सरासरी १३७ निर्णय घेतो. खेळ चालू ठेवण्याचे, म्हणजे न वाजवलेल्या शिट्टीचे निर्णय त्यात धरले तर आकडा आणखी वाढेल. आणि हे निर्णय शांततेत होत नसतात. अ‍ॅलन नेव्हिल आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या ४० पंचांना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या झटापटींचं चित्रण दाखवलं, काहींना गर्दीच्या आवाजासह, काहींना मुक्याने. २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाऊल दिले, आणि हे सारे नुसता पडदा पाहत होते. शाहू स्टेडियममध्ये अर्धी गर्दी एका पेठेची आणि अर्धी दुसऱ्या पेठेची असते, पंचाचं घर कोणत्या गल्लीत आहे हेही दोघींना ठाऊक असतं. अशा गर्दीत तयार झालेला पंच बाहेरच्या जिल्ह्यात गेला की तिथल्या आरडाओरड्याने फारसा हलत नाही. कोल्हापूरच्या पंचांचं हे एक भांडवल आहे, आणि ते कुठल्याही अर्जात लिहिता येत नाही.

या आवाजावर औषध म्हणून निर्ढावून जा, असा सल्ला जुने लोक देतात. तो अर्धाच खरा. आवाज ऐकू न येणं कुणालाच जमत नाही. ज्याला स्पष्ट दिसलेलं असतं त्याच्यावर मात्र आवाजाचा जोर कमी चालतो. शंका असलेला मेंदू बाहेरून पुरावा शोधतो, आणि गर्दी तो आनंदाने पुरवते.

भारतीय पंच किती वर जाऊ शकतो, याची उदाहरणं मोजकी आहेत. चेन्नईचे कोमलेश्वरन शंकर २००२ च्या विश्वचषकात साहाय्यक पंच होते. पुरुषांच्या विश्वचषकात २०२२ पर्यंत एकही भारतीय मुख्य पंच झालेला नाही. गोव्याच्या उवेना फर्नांडिस फिफाच्या साहाय्यक पंच झाल्या आणि २०१६ मध्ये जॉर्डनमध्ये झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात त्यांनी काम केलं. जगात स्त्रियांची वाट आता आणखी पुढे गेली आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका हा सामना चालवला. पुरुषांच्या विश्वचषकात स्त्री मुख्य पंच असण्याची ती पहिली वेळ. पुरुषांचे सामने घ्यायचे तर धावण्याची चाचणीही पुरुषांच्या वेळांतच पार करावी लागते, आणि ती त्यांनी केलेली होती. नवी मुंबई आणि मडगावमध्येही त्याच वर्षी १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने झाले. तिथे शिट्टी हातात घेतलेल्या बायका पाहून ज्या मुलींना काही वाटलं असेल, त्यांनी जिल्हा संघटनेत पंचांच्या पुढच्या शिबिराची तारीख विचारावी. खेळून झालेल्या मुलींची वाट न पाहता खेळत असलेल्या मुलींनाच हे सुचवायला हवं.

पोटापाण्याचा प्रश्न राहतोच. हॅरो शाळेत भूगोल शिकवणारे डेव्हिड एलरे १९९४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्याचे पंच होते, आणि २०१६ च्या त्या नियमांच्या फेरमांडणीमागेही तेच होते. २००९ मध्ये फ्रान्सच्या थिएरी आन्रीचा चेंडूला लागलेला हात ज्यांच्या नजरेतून सुटला आणि आयर्लंडचं विश्वचषकाचं तिकीट गेलं, ते स्वीडनचे मार्टिन हान्सन अग्निशामक दलात होते. म्हणजे नोकरी करून इथवर येता येतं. पण शनिवार-रविवार जातात, रजा जाते, आणि घरातल्यांची संमती लागते. ही संमती परीक्षेच्या अर्जाआधी मिळवावी, असं मी आग्रहाने सांगेन.

जिल्हा संघटनांना मात्र एक विनंती आहे. वर जाऊ पाहणाऱ्या पंचाला शिबिरांपेक्षा आणि नव्या कोऱ्या शर्टापेक्षा एका गोष्टीची गरज असते: कुणीतरी सामना शेवटपर्यंत पाहून त्याला लेखी सांगावं, की तू अमुक मिनिटाला अमुक जागी होतास आणि तमुक जागी असायला हवा होतास. इंग्लंडमध्ये बढतीच्या रांगेतल्या पंचाला असा निरीक्षकाचा लेखी अहवाल मिळतो. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीत शिट्टी खाली ठेवलेले जाणते पंच प्रत्येक जिल्ह्यात आहेत, आणि रविवारी ते मैदानावर येऊन गॅलरीतच बसलेले असतात. त्यांच्या हातात एक वही आणि पेन द्या, प्रवासखर्च द्या, आणि महिन्यातून दोन सामने तरी त्यांना नेमून द्या.